सुरगाण्याकडील धुरावरचें वाळवण

पावसाळ्याची बेगमी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पापड, कुरडया, सांडगे, वाळल्या मिरच्या आणि कणगींत भरलेलें धान्य येतें. मांसमच्छीहि अशीच वाळवून अडचणीच्या महिन्यांसाठीं ठेवतां येते, आणि त्या कामाचें तत्त्व बाजरी किंवा हरभरा वाळविण्याच्या तत्त्वाहून मुळांत निराळें नाहीं, ही गोष्ट देशावरील शेतकऱ्यास सहसा सुचत नाहीं. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, गुजराथेंतील डांग व वलसाड या जिल्ह्यांना लागून असलेल्या सुरगाणा तालुक्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल या लोकांच्या घरीं ही विद्या चुलीच्या वर टांगलेली दिसते. ती कशी चालते, तिच्यांत चांगलें काय व उणें काय, हें येथें सांगावयाचें आहे. आमच्या माळकरी बंधूंनीं जेवणाचा भाग सोडून वाचला तरी चालेल. ओल, मीठ व धूर यांविषयींचा भाग मात्र घरचें बियाणें राखणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

हा विषय आमच्या वाचकांस दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. दिंडोरी, निफाड या भागांतील द्राक्षबागांची छाटणी, विरळणी व तोडणी करणाऱ्या टोळ्यांपैकीं पुष्कळ टोळ्या सुरगाणा व पेठ या तालुक्यांतूनच येतात. बागेच्या कडेला खोपटें घालून राहणाऱ्या या कुटुंबांच्या सामानांत पिठाच्या पिशवीबरोबर एक लहानसें गांठोडें असतें आणि त्यांत सुकी मासळी असते. तिच्या वासाबद्दल तक्रार करणारे बागाइतदार आम्हीं पाहिले आहेत. खोपट आणखी लांब न्या, असें सांगणारेहि पाहिले आहेत. ज्याच्या हातांतील कात्रीवर आपल्या वर्षाचें उत्पन्न अवलंबून आहे, तो मनुष्य काय खातो व तेंच कां खातो, याची माहिती असणें हें शेतीच्या व्यवहाराचेंच एक अंग आहे.

सुरगाणा हें १९४८ पर्यंत देशमुख घराण्याचें एक लहानसें संस्थान होतें. त्या वर्षीं तें मुंबई प्रांतांत विलीन होऊन नाशिक जिल्ह्यांत आलें. मुलूख सह्याद्रीच्या उताराचा. नार, पार, अंबिका या नद्या या बाजूनें पश्चिमेकडे गुजराथेंत उतरतात. पाऊस वर्षास दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पडतो, म्हणजे निफाडच्या शेतकऱ्यास हेवा वाटावा इतका. परंतु तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून वाहून जातो आणि वैशाखांत त्याच गांवच्या बाया हंडा घेऊन झऱ्याच्या शोधांत डोंगर उतरतात. माती पातळ, वावर उताराचें. पिकें नागली, वरई, भात, उडीद आणि खुरासणी. अलीकडे हातगड-बोरगांवकडील पट्ट्यांत स्ट्रॉबेरीची लागवड होऊं लागली आहे व तिनें थोडा रोख पैसा आणला आहे; पण घरचें पोट अद्याप नागलीवरच आहे.

नागली व भात घरांत येतात ते आश्विन-कार्तिकांत. त्यामुळें वर्षाची खरी ओढाताण आषाढ-श्रावणांत असते. कणगी तळाशीं गेलेली, हातीं पैसा नाहीं, ओहोळांना पूर आल्यामुळें बाजाराची वाट बंद, आणि काम मात्र वर्षांतील सर्वांत जड. दिवसभर चिखलांत वांकून आवणी करावयाची. रानांतल्या पालेभाज्या त्या वेळीं विपुल मिळतात हें खरें. परंतु नुसत्या नागलीच्या भाकरीवर व पाल्यावर आवणीचा दिवस निघत नाहीं, हें तेथील कोणतीहि गृहिणी सांगेल.

यांत अनुभवाबरोबर रसायनशास्त्रहि तिच्या बाजूचें आहे. नागली हें उत्तम धान्य आहे. शंभर ग्रॅम नागलींत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें; गहूं किंवा तांदूळ यांत त्याच्या जवळपासहि नसतें. परंतु प्रथिनें सातच ग्रॅमच्या आसपास, आणि त्यांतहि लायसीन नांवाचा जो घटक शरीराला बाहेरूनच मिळावा लागतो तो कमी. मांस व मासळी यांत नेमका हाच घटक भरपूर असतो. सुक्या बोंबलाच्या वजनांत शेंकडा साठांच्या आसपास प्रथिनेंच असतात. म्हणजे मूठभर सुकी मासळी लसूण-मिरचीबरोबर कुटून चार माणसांच्या भाकरीवर घातली तर ती केवळ तोंडीलावणें राहात नाहीं. धान्यांत जें उणें आहे तें ती भरून काढते. कडधान्यांतहि लायसीन असतें, आणि सुरगाण्यांत उडीद पिकतो. उडदाच्या आमटींत सुकी मासळी टाकण्याची तेथील रीत आहे, ती जिभेच्या चवीसाठीं पडली असेल. पण आहारशास्त्राच्या पंडितानें सुचविली असती तरी याहून चांगली सुचविली नसती.

आतां वाळवितात काय काय, तें पाहूं. मृगाचा पाऊस पडला कीं नदीनाल्यांतील मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाच्या उलट चढूं लागतात; त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ओहोळाच्या अरुंद तोंडाशीं बांबूच्या कामट्यांचा सापळा लावून ते धरतात. पण तो काळ ओला असल्यामुळें ते बहुतेक ताजेच खाल्ले जातात. वाळविण्याजोगी मासळी मिळते ती डोह आटूं लागल्यावर, फाल्गुन-चैत्रांत. तिची भरती बाजारांतून होते. पाऊस तोंडावर आला कीं आठवडेबाजारांत सुका बोंबील, सुकट, जवळा, मांदेली यांचे ढीग पडतात. हा माल किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर व वाळूवर उन्हांत वाळविलेला असतो. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते, तेव्हां हे ढीग म्हणजे किनाऱ्याची व डोंगराची एकदमच होणारी आगोटीची खरेदी होय.

मांस मात्र घरचें. पूर्वीं ससा, भेकर, रानडुक्कर यांचें मांस वाळवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती गोष्ट बंद केली आणि ती बंद राहणेंच योग्य. आतां उरलें तें बोकडाचें. डोंगऱ्या देवाचा उत्सव मार्गशीर्षांत होतो. देवाला बोकड दिल्यावर मांसाचे वाटे पडतात आणि घराच्या वाट्याला आलेलें सगळें एका दिवशीं खाऊन न टाकतां त्यांतलें थोडें वाळवणास जातें. मार्गशीर्ष हा महिना या कामास किती अनुकूल आहे पाहा. आकाश निरभ्र, हवा कोरडी, रात्रीं थंडी असल्यामुळें मांस लौकर नासत नाहीं आणि माशाहि कमी. सणाचा काळ वाळवणासाठीं निवडला असें आम्ही म्हणत नाहीं. पण दोन्ही एका वेळीं आल्यामुळें ही रीत टिकली असावी असें आम्हांस वाटतें.

अशाच एका वाट्याचें वाळवण होतांना आम्हीं सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर, एका कोकणा कुटुंबाच्या घरीं बसून पाहिलें. घर कुडाचें, वर कौलें. काम घरांतली म्हातारी आजी करीत होती व सून हाताखालीं होती. मांसांतली चरबी तिनें प्रथम सोलून निराळी केली. कारण विचारतां ती म्हणाली, “चरबीला खंवट वास येतो, दादा, आणि मग सगळंच वाया.” मग विळ्यावर मांसाच्या तंतूंच्या दिशेनें, बोटाएवढ्या जाडीच्या लांब पट्ट्या कापल्या. आडव्या कापल्या तर वाळतांना तुकडे गळून पडतात. मीठ व थोडी हळद चोळून पट्ट्या रात्रभर एका तिरप्या ठेवलेल्या टोपलींत ठेवल्या, म्हणजे सुटलेलें पाणी खालीं गळून जातें. दुसऱ्या दिवशीं दोरीवर उन्हांत. संध्याकाळीं दंव पडण्यापूर्वीं घरांत. असें तीन दिवस. चौथ्या दिवशीं पट्ट्या चुलीच्या वर, माणसाच्या उंचीच्या जरा वर बांधलेल्या बांबूच्या ताटीवर गेल्या. तेथें मक्याचीं बियाण्याचीं कणसें आणि दुधीचा एक वाळका भोपळा आधींपासून टांगलेला होता. बियाणें आणि मांस एकाच धुरांत!

सुनेला आम्हीं विचारलें कीं तीन दिवस उन्हांत वाळलेलें मांस डब्यांत भरून कां ठेवीत नाहीं. तिनें सासूकडे पाहिलें, आणि सासूनें हंसून उत्तर दिलें, “पावसात मीठ रडतं.”

या तीन शब्दांत सुरगाण्याच्या वाळवणाचें सारें शास्त्र आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतों. ताज्या मांसाच्या वजनांत शेंकडा ७५ भाग पाणी असतें, मासळींत त्याहूनहि थोडें अधिक. नासविणाऱ्या जंतूंना हेंच पाणी लागतें. वजनांत पाण्याचा भाग शेंकडा २५ च्या खालीं गेला कीं बहुतेक जंतूंची वाढ थांबते, आणि १५ च्या खालीं गेला कीं बुरशीहि धरत नाहीं. हिशेब करून पाहावा. चार किलो हाडाविरहित मांसांत तीन किलो पाणी व एक किलो घन भाग. त्यांतील पाणी शेंकडा १५ वर आणावयाचें म्हणजे चार किलोचें एक किलो आणि पावणेदोनशें ग्रॅम राहिलें पाहिजे. वाळवण पुरें झालें कीं नाहीं हें काट्यावर ठरवितां येतें, तें असें. आजीकडे कांटा नव्हता. पट्टी वांकवितांना काडीसारखी मोडली पाहिजे, हा तिचा कांटा.

मीठ दोन कामें करतें. तें मांसांतील पाणी ओढून बाहेर काढतें, आणि आंत राहिलेलें पाणी जंतूंना मिळूं देत नाहीं. परंतु मिठाचा एक स्वभाव आहे. हवेंतील दमटपणा शेंकडा ७५ च्या वर गेला कीं मीठ हवेंतून पाणी ओढूं लागतें. आपल्या घरांतील मिठाची बरणी श्रावणांत पाझरते ती यामुळेंच. देशावर हा प्रकार कांहीं दिवस होतो. घाटमाथ्यावर व त्याच्या पश्चिमेस आषाढापासून भाद्रपदापर्यंत दमटपणा या रेषेच्या वरच असतो. म्हणजे उन्हांत उत्तम वाळलेली, खारवलेली पट्टी तेथें नुसती ठेवली तर मिठामुळेंच ती ओली होते व कुजते. ज्या मिठानें डिसेंबरांत मांस राखलें तेंच मीठ जुलईंत त्याचा घात करतें. यावर उपाय एकच, तो म्हणजे रोजच्या रोज तिला थोडी ऊब देत राहणें. चूल दिवसांतून दोनदां पेटते आणि ताटीवरचें वाळवण दिवसांतून दोनदां पुन्हा वाळतें.

धूर हें दुसरें रक्षण. लांकूड अर्धवट जळतांना फिनॉल जातीचीं द्रव्यें, कांहीं आम्लें आणि फॉर्माल्डिहाइड हीं धुरांतून बाहेर पडतात व मांसाच्या पृष्ठभागावर त्यांचा थर बसतो. बुरशी व जंतू यांना तो थर मानवत नाहीं, किडा त्यावर अंडीं घालावयास कचरतो, आणि उरल्यासुरल्या चरबीला खंवटपणा येण्यास वेळ लागतो. टांगलेल्या कणसांतील बियाण्यास भुंगा लागत नाहीं याचें कारणहि तेंच. शिवाय ऊब असल्यामुळें दाण्यांत ओल राहात नाहीं. पण धुराचें सगळेंच चांगलें नाहीं. मांस ज्वाळेजवळ धरलें व काजळीनें माखलें तर त्या काजळींत कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें असतात. म्हणून ताटी उंच पाहिजे, आणि शिजविण्यापूर्वीं पट्ट्या गरम पाण्यांत भिजवून चोळून धुतल्या पाहिजेत. हें दोन्ही त्या घरीं होत होतें.

आषाढांत आम्ही पुन्हा त्या पाड्यावर गेलों, तेव्हां मार्गशीर्षांतल्या पट्ट्या लांकडासारख्या काळ्या व कठीण झाल्या होत्या. बाहेर पावसाची झड लागलेली. घरांतील माणसें चिखलानें भरलेल्या पायांनीं आवणीवरून परतलेलीं. आजीनें दोन पट्ट्या उतरविल्या, पाण्यांत घालून मऊ केल्या, ते पाणी फेंकलें, पट्ट्या पाट्यावर ठेंचून त्यांचे तंतू सुटे केले आणि उडदाच्या आमटींत टाकले. दोन पट्ट्या, आणि जेवणारे आम्ही सात! चव कशी होती हें विचारणारांस सांगतों. पहिल्या घासाला धूर लागतो, इतका कीं जीभ क्षणभर बावरते. मग मीठ. मग दाढेखालीं तंतू चावला जाऊं लागला कीं आंतून मांसाचा गोडवा येतो, आणि तो ताज्या मांसापेक्षां दाट असतो, कारण चार भागांचा एक भाग झालेला असतो. नागलीच्या भाकरीला स्वतःचा जो किंचित् तुरट, मातकट स्वाद आहे, त्याला ही आमटी जितकी जुळते तितकी गव्हाच्या पोळीला जुळणार नाहीं. ताज्या मटणाच्या रश्शाशीं याची तुलना करूं नये. तें जेवण निराळें, हें निराळें. यजमानांनीं आम्हांस वाटी पुन्हा भरून दिली. घरांतल्या मुलाच्या वाटींत किती तंतू उरले आहेत हें दिसत असल्यामुळें आम्हीं ती परत केली.

असें वाळवण करणारे लोक जगांत आणखी आहेत, आणि त्यांच्या रीतींकडे पाहिलें म्हणजे हवामान माणसाला कसें शिकवितें तें कळतें. फिलिपाइन्स देशांत लुझॉन बेटाच्या उत्तरेस कॉर्डिलेरा नांवाची डोंगररांग आहे. तेथील मूळ रहिवाशांना मिळून इगोरोत म्हणतात. डोंगराच्या उतारावर पायऱ्या करून ते भात पिकवितात. त्यांतील इफुगाओ लोकांच्या भाताच्या पायऱ्यांना १९९५ सालीं जागतिक वारशांत स्थान मिळालें आहे. सगादा, बोंतोक या बाजूस डुकराच्या मांसाला मीठ चोळून तें उन्हांत व धुरावर वाळवितात. त्याला एताग म्हणतात. त्यांच्या शेजारच्या बेंगेत प्रांतांत चुलीवरच्या धुरानें केलेल्या मांसास किनीइंग हें नांव आहे. हें मांस ते मोठ्या तुकड्यांनीं खात नाहींत. कोंबडीच्या पातळ रश्शांत त्याचा एखादा तुकडा टाकतात आणि सगळा रस्सा त्यानें खारट व धुरकट होतो. तेथेंहि देवकार्यांत डुकरें कापलीं म्हणजे मांसाचे वाटे घरोघर जातात. त्या वाट्याला वातवात असा शब्द आहे. समुद्रापलीकडील डोंगरांत, निराळी भाषा व निराळा देव असतांना, वाटा, मीठ, चूल आणि आमटींत चवीपुरता तुकडा हा क्रम सुरगाण्यासारखाच आढळावा, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें. दोन्हीकडे डोंगर, दोन्हीकडे लांबलेला पाऊस. आपल्या देशांत नागा लोकहि चुलीवरच्या ताटीवर डुकराचें मांस महिनोन्‌महिने ठेवतात.

उलट मराठवाड्याकडे पाहावें. तेथें पाऊस सुरगाण्याच्या निम्म्याहूनहि कमी व ऊन कडक. त्यामुळें तेथील वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांस, ज्यांना चान्या म्हणतात, धूर लागत नाहीं. दोरीवर टाकून उन्हांत कडकडीत वाळविलें कीं झालें. हें अन्न ज्यांच्या घरचें त्यांचा इतिहास मात्र कडू आहे. गांवचें मेलेलें जनावर ओढून नेण्याचें काम ज्यांच्यावर लादलेलें होतें, त्यांच्या वाट्याला तें मांस येई, आणि एका दिवसांत न संपणारें मांस टिकविण्यासाठीं चान्या करीत. १९२७ सालीं महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृत जनावरांचें मांस खाणें सोडून द्या असें सांगितलें, तें या गुलामगिरीची कडी तोडण्यासाठीं. शाहू पाटोळे यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकांत या स्वयंपाकघराची नोंद केली आहे. त्याच वर्षीं राज्यांत गोवंशहत्याबंदीचा कायदा अमलांत आला. आम्ही येथें एवढेंच नोंदवितों कीं एकच कृति एका ठिकाणीं देवाच्या वाट्याची खूण होते व दुसऱ्या ठिकाणीं लादलेल्या हीनतेची. दोष मीठ-उन्हाकडे नाहीं.

सुरगाण्याच्या वाळवणावर आतां दोन बाजूंनीं गंडांतर आलें आहे. पहिली बाजू नदीची. सह्याद्रींतील ओढ्यांत कोणी कोणी कीटकनाशक किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारतात. त्यांत बोटभर पिलूंहि मरतें, आणि पुढच्या वर्षीं त्या डोहांत कांहीं राहात नाहीं. असे मासे खाणाऱ्याच्या जिवालाहि धोका असतो. ज्या औषधाची बाटली द्राक्षबागेसाठीं आणलेली असते तिचा हा उपयोग होऊं नये, याची काळजी बाटली विकत घेणाऱ्यानें घ्यावयाची आहे. चढणीच्या माशांबद्दलहि आमचें मत स्पष्ट आहे: पोटांत अंडीं असलेली मासळी सापळ्यांत सांपडली तर निदान कांहीं वरच्या पाण्यांत सोडावी, आणि ओहोळाचें तोंड पूर्ण बंद करूं नये.

दुसरी बाजू चुलीची. २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून डोंगरांतल्या घरींहि गॅसची टांकी पोंचली आहे. ही गोष्ट वाईट, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. धुरांत जन्म काढलेल्या बायांचे डोळे व छाती पाहिल्यावर तें धाडस कोणासहि होणार नाहीं. त्या आजीचा खोकला आम्हीं ऐकला आहे. परंतु चूल विझली कीं ताटीवरची ऊबहि जाते, आणि तीन-चार महिन्यांची बेगमी आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यांत बुरशी धरते. बियाण्याच्या कणसांनाहि तोच न्याय. म्हणून चूल जाणार असेल तर तिनें करीत असलेलें काम दुसऱ्या कशानें तरी झालें पाहिजे, हें ध्यानांत ठेवूनच तिला निरोप द्यावा. टांकी भरण्यास पैसे नसल्यामुळें अद्याप पुष्कळ घरीं दोन्ही चालतात, ही गोष्ट निराळी.

यास्तव थोड्या सुधारणा सुचवितों. फिलिपाइन्समध्यें धूर देण्यासाठीं घराबाहेर बंदिस्त धुरीघरें बांधण्याचे प्रयोग झाले आहेत. आपल्याकडेहि घराच्या मागच्या बाजूस चार पत्रे व वर निघणारी नळी यांचें माणसाच्या उंचीचें कपाट करतां येईल. दोन-चार घरांत मिळून एक असलें तरी पुरे. आठवड्यांतून दोनदां त्यांत मंद विस्तव करावा, म्हणजे बाईच्या छातींत धूर न जातां वाळवण व बियाणें दोन्ही सुकीं राहतील. उन्हाच्या वाळवणासाठीं पारदर्शक प्लास्टिकचा तंबू हा स्वस्त उपाय आहे. खालीं काळा कागद, मध्यें उंचावर जाळीची ताटी, खालून हवा आंत येण्यास व वरून बाहेर जाण्यास फट. यांत मासळी उघड्यापेक्षां लौकर वाळते, माशी बसत नाहीं, आणि अवकाळी सर आली तरी माल भिजत नाहीं. कोचीन येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें, जी १९५७ पासून हेंच काम करीत आहे, सौर वाळवणयंत्रांचे लहानमोठे नमुने तयार केलेले आहेत. मासळीला मीठ लावावयाचें तर वजनाच्या चौथ्या भागाइतकें लावावें. हात आंखडून लावलेलें मीठ माशीला व किड्याला आमंत्रण ठरतें. सुक्या मासळींत केसाळ अळी दिसली तर ती एका काळसर भुंग्याची असते. माल कडक उन्हांत घालून झटकला कीं जाते. तिच्यासाठीं कीटकनाशकाची भुकटी टाकणें म्हणजे स्वतःच्या ताटांत विष वाढणें होय. खताच्या व औषधांच्या रिकाम्या पिशव्यांत माल ठेवण्याची रीतहि तत्काळ बंद करावी. आणि अर्धवट वाळलेलें मांस हवाबंद डब्यांत कधींहि कोंबूं नये. हवा न मिळणाऱ्या ओल्या मांसांत जो जंतू वाढतो त्याचें विष जीवघेणें असून त्याला वास येईलच असें नाहीं. ज्यांस रक्तदाबाचा विकार आहे त्यांनीं पट्टी दोनदां पाणी बदलून भिजवावी, किंवा सोडावी हें उत्तम.

राहिला बागेच्या कडेच्या खोपटाचा प्रश्न. तेथें चूल उघड्यावर असते आणि ताटी बांधण्यास आढें नसतें, म्हणून गांठोडें जमिनीवर राहतें, दंवानें भिजतें व त्यामुळेंच त्याला अधिक वास येतो. नीट कोरड्या मासळीचा वास ओल्या मासळीच्या मानानें फारच कमी असतो. टोळी येण्यापूर्वीं खोपटाच्या जागेवर चार मेढी रोवून वर पत्रा टाकावा आणि चुलीच्या वर येईल अशी बांबूची एक ताटी बांधून ठेवावी. औषधफवारणीचा पंप व बाटल्या त्या पत्र्याखालीं ठेवूं नयेत. दोन बांबू व एक पत्रा, बागेच्या खर्चांत हा आंकडा कोठें दिसावयाचाहि नाहीं.